सात दिवसांत अकरा बेटं?

खासगी यॉट किंवा हेलिकॉप्टर घेऊन बेटं फिरायची तर आखणी कशी करायची, यावर गेल्या अंकात तुमचे प्रश्न मागवले होते. पत्रांचा ढीग आला. मी सतरा वर्षं भाड्याच्या यॉटवर काढली : पहिली चार डेकवर दोर ओढण्यात, पुढची चार मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालची अधिकारी म्हणून आणि शेवटची नऊ कप्तान म्हणून. त्याच अनुभवावरून लिहिते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. ग्रीसमध्ये सात दिवसांसाठी मोटार यॉट घ्यायची ठरवतो आहोत. आम्ही दोघं आणि मित्रांची दोन जोडपी. आमची यादी : मिकोनोस, डेलोस, तिनोस, सिरोस, पारोस, अँटिपारोस, नाक्सोस, कुफोनिसी, इऑस, सँटोरिनी आणि मिलोस. रोज दीड-दोन बेटं होतील ना?

उत्तर : तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. तुमची यादी मी दोनदा वाचली. बेटं सगळी सुंदर आहेत, पण ही यादी घेऊन तुम्ही निघालात तर आठवडाभर तुम्हाला इंजिनाचा आवाजच जास्त ऐकू येईल.

आधी वाऱ्याचं बघू. ही सगळी बेटं एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस द्वीपसमूहातली. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त असतो, तुर्कस्तानच्या बाजूला कमी असतो, आणि त्या फरकामुळे हा वारा दोन दिवस, पाच दिवस, कधी त्याहूनही जास्त थांबत नाही. आकाश मात्र निळंभोर! ढग नाहीत, पाऊस नाही. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं, कप्तान उगाच घाबरवतो आहे. एका ऑगस्टमध्ये मी पाहुण्यांना घेऊन एका बेटाच्या दक्षिण बाजूला आडोशाला तीन रात्री नांगर टाकून बसले होते. पाहुण्यांच्या हातात तुमच्यासारखीच यादी होती आणि रोज सकाळी ते एकेक नाव खोडत होते. त्यांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. म्हणून कळकळीने सांगते : मार्ग आखताना बेटांच्या नावांआधी वाऱ्याची दिशा कागदावर मांडा.

आता वेळेचं. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. आरामात चालणारी मोटार यॉट ताशी दहा-बारा सागरी मैल जाते. वीस-पंचवीस मैलांचा टप्पा म्हणजे दोन-अडीच तास, हे झालं नुसतं पाण्यावरचं. नांगर उचलणं, बंदरात जागेसाठी थांबणं, दोर बांधणं, छोटी बोट उतरवून सगळ्यांना किनाऱ्यावर नेणं यात आणखी तास-दीड तास जातो. दिवसात दोन बेटं केलीत तर दोन्ही ठिकाणी पाय लागेल, मन लागणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर तिनोस आणि सिरोस पहिल्यांदा काढली असती. मिकोनोस आणि तिनोसच्या मधल्या सामुद्रधुनीत मेल्तेमी अगदी चेपून घुसतो आणि तिथली लाट आखूड, उभी असते. मिलोस पश्चिमेला एका बाजूला पडतं, ते आणि इऑस पुढच्या खेपेला. राहिला हा मार्ग : मिकोनोसला दक्षिण किनाऱ्याच्या आडोशाला पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी डेलोस. तिथे मुक्काम करता येत नाही, सगळं बेट म्हणजे पुरातत्त्वीय क्षेत्र आहे, त्यामुळे दिवसाच जायचं आणि निघायचं. उन्हाच्या आत गेलात तर सिंहांच्या पुतळ्यांच्या रांगेपाशी शांतपणे उभं राहता येईल. मग वारा पाठीशी घेऊन नाक्सोस, तिथे दोन रात्री. तिथून खाली कुफोनिसी आणि आजूबाजूची छोटी बेटं. ती एकमेकांना इतकी जवळ आहेत की एका दिवसात दोन खाड्या पाहिल्या तरी दमछाक होत नाही. शेवटी अँटिपारोस आणि पारोस. वाऱ्याच्या तोंडावर जायचा टप्पा हा एकच, तोही छोटा, आणि तो पहाटे वारा पडलेला असताना उरकायचा. एक पूर्ण दिवस मी रिकामा ठेवला आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. मेल्तेमी आला तर तो दिवस त्याला द्यायचा, नाही आला तर जिथे जीव रमला तिथेच राहायचं.

सँटोरिनी? तिथे यॉटने जाऊच नका. ते बेट म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखाची कड आहे. आतलं पाणी शेकडो मीटर खोल, नांगराला तळ मिळतो अशा जागा मोजक्याच, आणि दक्षिणेचं छोटं बंदर हंगामात भरलेलं असतं. ज्या कड्यावरून तुम्हाला सूर्यास्त बघायचा आहे त्याच्या पायथ्याशी यॉट घेऊन घिरट्या घालण्यात काय अर्थ? पारोसला यॉट सोडा आणि तिथल्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने सँटोरिनीला जा. अर्धा ताससुद्धा लागत नाही, आणि तो अख्खा चंद्रकोरीसारखा कडा वरून एका नजरेत दिसतो. तो देखावा हेलिकॉप्टरसाठीच आहे. जवळजवळची बेटं बोटीने आणि एखादं लांबचं, उंच कड्याचं बेट हवेतून, हा मेळ मला सगळ्यात आवडतो. जोराच्या मेल्तेमीत हेलिकॉप्टरलाही हादरे बसतात, उड्डाण पुढे ढकललं जाऊ शकतं. म्हणून परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका.

तारखांचा हट्ट नसेल तर जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बघा. ऑगस्टच हवा असेल तर ग्रीसचाच पश्चिम किनारा आहे : कॉर्फू, पाक्सोस, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया. आयोनियन समुद्रात सकाळ शांत असते, दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि सूर्य कलला की बसतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तशीच दिवसाची ही लय. पंचवीस वर्षांच्या सोबतीचा सोहळा मी तरी तिथे केला असता.

प्रश्न : आम्ही मुलाबाळांसह चौदा जण आहोत. यॉटवर सात केबिन आहेत, जागा पुरते. तरी दलाल बाराच्या वर घ्यायला तयार नाही. जास्त पैसे उकळायचा डाव आहे का?

उत्तर : नाही, या बाबतीत तो तुमच्याशी सरळ वागतो आहे. समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास नावाचा. बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज त्याच्या हिशेबाने प्रवासी जहाज ठरतं, आणि मग त्याची बांधणी, आगीपासूनचं संरक्षण, जीवरक्षक नौका यांचे नियम पूर्णपणे बदलतात. केबिन किती आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही. एक वर्षाच्या आतलं बाळ मात्र या मोजणीत धरत नाहीत. तुमच्यात असं एखादं असेल तर तेरा झाले!

प्रवासी जहाजाचा परवाना असलेल्या मोठ्या यॉट मिळतात, पण थोड्या आणि फार मोठ्या. त्यापेक्षा दोन कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटी, बरोबर घ्या. रात्री एकाच खाडीत नांगर टाकायचा, मुलं एका बोटीवर, मोठी माणसं दुसरीवर. मी पाहिलेल्या मोठ्या कुटुंबांच्या सहलींत अशा सहली सगळ्यात आनंदात पार पडल्या. ‘आज तेवढे दोघं जास्त घेतो, कोण बघतंय’ असं कुणी कप्तान म्हणाला तर त्या बोटीवर पाय ठेवू नका. त्यांचा विमा अशा वेळी तुमच्या उपयोगी पडणार नाही.

प्रश्न : आठवड्याच्या भाड्याचा एक आकडा सांगितला आणि खाली बारीक अक्षरात ‘अधिक सर्व खर्च’ असं लिहिलं आहे. वर तीस टक्के आगाऊ मागतात. हे काय प्रकरण आहे? हेलिकॉप्टरच्या बिलातही तासांचा हिशेब कळत नाही.

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

कप्तान आणि खलाशांसह घेतलेल्या यॉटचं भाडं म्हणजे बोट, माणसं आणि बोटीचा विमा. इंधन, खाणंपिणं, बंदराचं शुल्क, परवाने, नेट हे सगळं त्याच्या बाहेर. त्यासाठी आगाऊ उचल देतात, तिला या व्यवसायात एपीए म्हणतात. मोटार यॉटला ती भाड्याच्या पंचवीस ते पस्तीस टक्के असते, शिडाच्या बोटीला कमी, कारण वारा फुकट असतो. हा पैसा कप्तानाच्या खिशात जात नाही. तो तुमच्या वतीने खर्च करतो, पावत्या ठेवतो, शेवटी हिशेब दाखवून उरलेलं परत करतो. कमी पडलं तर मधेच आणखी मागतो. मी दर दोन दिवसांनी पाहुण्यांसमोर वही उघडत असे. तुम्हीही पहिल्याच संध्याकाळी कप्तानाला सांगा की आम्हाला दर दोन दिवसांनी हिशेब हवा. चांगल्या कप्तानाला याचा राग येत नाही.

उचलीतला सगळ्यात मोठा वाटा इंधनाचा, आणि तो तुमच्या हातात आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ढोबळ हिशेबाने आठपट शक्ती लागते. बारा मैलांच्या वेगाने जाऊन दुपारी तीनला पोचायचं की वीस मैलांच्या वेगाने जाऊन दीडला, एवढ्या एका निर्णयावर उचल पुरते की संपते हे ठरतं. रात्रभर वातानुकूलन चालू राहिलं तर जनरेटरही तेवढाच वेळ चालतो, हेही लक्षात असू द्या.

याशिवाय भाड्यावर त्या त्या देशाचा कर बसतो. एका बंदरात बोट घेऊन दुसऱ्या बंदरात सोडली तर ती रिकामी परत नेण्याचा खर्च तुमच्यावर येतो. पहिल्या पत्रातल्या मिकोनोस-पारोस मार्गालाही तो लागू शकतो, सही करण्याआधी विचारून घ्या. खलाशांची बक्षिसी वेगळी, ती ऐच्छिक असते. भूमध्य समुद्रात भाड्याच्या पाच ते पंधरा टक्के द्यायची पद्धत आहे. कॅरिबियनमधल्या बऱ्याच कॅटामरानवर मात्र सगळं धरून एकच रक्कम सांगतात. म्हणून दोन बोटींच्या भाड्याची तुलना करताना आधी बघा की दोन्ही आकड्यांत काय काय धरलं आहे. करार मायबाच्या नमुन्यावर आहे का तेही विचारा. ती 1984 साली स्थापन झालेली यॉट दलालांची संघटना आहे आणि तिचा कराराचा मसुदा जगभर वापरतात. बोट बिघडली तर काय, तुम्ही रद्द केलंत तर काय, ही कलमं त्यात स्पष्ट असतात.

हेलिकॉप्टरचं गणित सोपं आहे, फक्त ते कुणी समजावून सांगत नाही. तुम्ही बसता तेवढाच वेळ मोजत नाहीत. हेलिकॉप्टर त्याच्या तळावरून तुमच्याकडे रिकामं येतं आणि तुम्हाला सोडून रिकामं परत जातं, तो वेळही बिलात असतो. पंचवीस मिनिटांच्या प्रवासाचे दीड-दोन तास लागतात ते असे. शिवाय उतरण्याचं शुल्क, वैमानिकाचा थांबण्याचा वेळ. त्यामुळे विचारायचा पहिला प्रश्न : ‘हेलिकॉप्टरचा तळ कुठे आहे?’ तळाजवळून सुरू होणारा मार्ग आखलात तर बिल खरोखर खाली येतं.

प्रश्न : माझी आई शहात्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, आणि लहानपणापासून तिला बोट लागते. तरी आयुष्यात एकदा समुद्रातून बेटं बघायची तिची फार इच्छा आहे. भाऊ म्हणतो, हट्ट करू नकोस. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला वाटतं, तुम्ही आईला न्यावं.

माझ्या बोटीवर सत्तरी ओलांडलेले कितीतरी पाहुणे आले. पहाटे चारला उठून डेकवर येऊन बसणारे तेच असायचे. त्यांच्यासाठी मी चहा ठेवायची आणि आम्ही न बोलता पूर्वेकडे बघत राहायचो. तुमच्या आईंनाही ती पहाट मिळावी असं मला फार वाटतं. पण जागा, बोट आणि महिना नीट निवडा.

जागा म्हणून मी क्रोएशियाचा स्प्लिट ते दुब्रोव्निक हा पट्टा सुचवेन. ब्राच, ह्वार, कोर्चुला, म्ल्येत ही लांबट बेटं किनाऱ्याला समांतर पसरली आहेत, त्यामुळे मधलं पाणी बऱ्यापैकी झाकलेलं राहतं आणि टप्पे छोटे पडतात. शिवाय जुनी गावं थेट धक्क्यालाच लागून आहेत. कोर्चुलाच्या जुन्या गावातल्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आखलेल्या आहेत, थंडीतला बुरा वारा थेट आत शिरू नये म्हणून. तिथे पायऱ्या आहेत, पण धक्क्यावर बसूनही तटबंदी आणि बुरूज दिसतात. म्ल्येतचा पश्चिम भाग 1960 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे खाऱ्या पाण्याचं तळं आहे, तळ्यात छोटं बेट आणि त्यावर बाराव्या शतकातला मठ. लहान बोटीने अगदी संथ पाण्यातून जायचं. आईंसाठी माझ्या मनात पहिलं तेच आलं. महिना जून किंवा सप्टेंबर.

बोट मोटार यॉट घ्या, आणि नांगरावर उभी असतानाही काम करणारे स्टॅबिलायझर, म्हणजे डुलणं कमी करणारी यंत्रणा, आहेत का ते विचारा. बोट चालताना डोलते हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री उभी असताना बाजूच्या लाटेने डुलते त्याचा त्रास जास्त होतो, कारण तो झोपेत होतो. केबिनबद्दल माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. पुस्तकी उत्तर असं की खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध सगळ्यात कमी हलतं, म्हणून तिथलं केबिन द्या. खरं आहे, पण तिथे जायला अरुंद, खडा जिना असतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो दिवसातून सहा वेळा चढायला लावणं मला पटत नाही. आईंना मुख्य डेकवरचं केबिन द्या. ते पुढच्या बाजूला असतं, बोट चालू असताना जास्त हलतं. पण तेव्हा त्यांनी बैठकीत मधोमध बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी. रात्री बोट उभीच असते.

चढण्या-उतरण्याचा विचार बहुतेक जण विसरतात. धक्क्याला बोट मागच्या बाजूने लावली की मधे फळी टाकतात. ती हलते आणि तिला कठडा एकाच बाजूला असतो, कधी नसतोही. दलालाकडून त्या फळीचा फोटो मागवा. नांगरावर असाल तर छोट्या बोटीत उतरावं लागतं, तेव्हा मागचा पोहण्याचा फलाट खालीवर होणारा असला तर फार सोय होते. आणि निदान चार रात्री बंदरात घालवा, म्हणजे आईंना वाटेल तेव्हा जमिनीवर चार पावलं टाकता येतील.

औषधाचं डॉक्टरांना विचारूनच. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी अनेकांना लागू पडते. पण वयस्कर माणसांत तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि काचबिंदूचा त्रास असेल तर ती चालत नाही. गोळी कोणतीही असो, ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

पहिला दिवस फक्त तासाभराचा ठेवा. तेवढ्यात आई रमल्या की भावालाही फोटो पाठवा.

प्रश्न : आम्ही बघतो आहोत त्या यॉटवर हेलिपॅड आहे. थेट डेकवर उतरायची मुलांना फार हौस आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी विचारा की तो परवानाप्राप्त हेलिडेक आहे की नुसतं ‘उतरा आणि उडा’ पुरतं सपाट डेक आहे. जाहिरातीत दोन्हींना हेलिपॅडच म्हणतात. दुसऱ्या प्रकारात हेलिकॉप्टर क्षणभर टेकतं, माणसं उतरतात, ते निघून जातं. तिथे ते बांधून ठेवता येत नाही, इंधनही भरता येत नाही. भाड्याच्या पाहुण्यांना अशा डेकवर उतरवणं कित्येक विमा कंपन्यांना चालत नाही. वर त्या देशाची परवानगी लागते. काही देश आपल्या किनाऱ्याजवळ हे होऊच देत नाहीत. यॉट परवान्याची, डेक परवान्याचं आणि परवानगी लेखी, हे तिन्ही हातात नसेल तर मुलांना विमानतळावरून न्या.

त्यात किती धोका असतो ते मी जवळून पाहिलं आहे. मी मेट असतानाची गोष्ट. हेलिकॉप्टर येताना डेकवरची प्रत्येक सुटी वस्तू आत नेतात किंवा बांधतात. खलाशी आग विझवण्याच्या पोशाखात उभे असतात, बचावाची छोटी बोट पाण्यात तयार असते, आणि यॉट वारा नाकावर घेऊन संथ चालत राहते. त्या दिवशी सगळं केलं होतं. फक्त वरच्या मजल्यावरच्या एका गादीची दोरी सैल राहिली होती. पंख्याच्या वाऱ्याने ती उचलली गेली आणि शेपटीच्या पंख्याच्या हातभर अंतरावरून समुद्रात पडली. वैमानिकाने तत्काळ यंत्र वर घेतलं आणि परत गेला. कुणाला खरचटलंही नाही. पण ती दोरी तपासायचं काम माझं होतं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक गाठ स्वतःच्या हाताने ओढून बघितल्याशिवाय डेक सोडला नाही.

मुलांना चार गोष्टी शिकवून न्या. वैमानिकाने हात केल्याशिवाय जवळ जायचं नाही. नेहमी समोरून, त्याला दिसेल असं, वाकून जायचं, शेपटीकडे कधीच नाही. टोपी, ओढणी, मोकळा कागद हातात ठेवायचा नाही. आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलं असतं ते आत बसलेलं असताना फुगवायचं नाही, बाहेर पाण्यात आल्यावरच फुगवायचं. फुगलेलं जाकीट घालून दारातून निघता येत नाही.

समुद्रावरून जाताना दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर मागा. एकाच इंजिनाचं असेल तर पाण्यावर तरंगण्याचे फुगे बसवलेले आहेत का ते विचारा. बॅगा मऊ घ्या, कडक पेट्या सामानाच्या कप्प्यात मावत नाहीत. वजन विचारतील तेव्हा खरं सांगा, संकोच करू नका. उन्हाने हवा विरळ होते, यंत्र कमी भार उचलतं, आणि वैमानिक त्याच आकड्यांवर इंधन ठरवतो. धूसर दिवशी समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे होतात आणि क्षितिज पुसलं जातं. अशा दिवशी वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे आभार माना.

प्रश्न : मालदीवमध्ये यॉटवर राहून सहा दिवस स्कूबा करणार आहोत. शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सीप्लेनने राजधानी माले आणि रात्रीचं परतीचं विमान. जमेल का?

उत्तर : नाही. हे ऐकाच. स्कूबा करताना शरीरात नायट्रोजन विरघळलेला राहतो. उंचावर गेलं की दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्ह करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे : एकच साधी डाइव्ह असेल तर विमानापूर्वी निदान 12 तास, आणि बरेच दिवस किंवा दिवसात अनेक डाइव्ह असतील तर निदान 18 तास. तुमच्या सहा दिवसांनंतर मी पूर्ण एक दिवस ठेवला असता. सीप्लेन आणि हेलिकॉप्टर खालून उडतात हे खरं, पण त्याच रात्री तुम्ही मोठ्या विमानात बसणार आहात.

उपाय छान आहे. मार्ग असा आखा की शेवटचा दिवस बा कंकणद्वीपात पडेल. तिथल्या हनिफारू उपसागरात प्रवाहाने प्लवक गोळा होतं आणि ते खायला मांटा रे माशांचे थवे येतात. तिथे स्कूबाला बंदीच आहे, फक्त नळी लावून पृष्ठभागावर पोहायचं. नैऋत्य मान्सूनच्या महिन्यांत जात असाल तर खोलीएवढ्या पसरलेल्या त्या पंखांच्या वर तरंगत शेवटची सकाळ घालवा.

आणखी एक. तिथली सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. येताना तुमचं विमान संध्याकाळी उतरणार असेल तर पहिली रात्र मालेच्या आसपासच काढावी लागेल.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. आईबाबा अशी सहल ठरवत आहेत. मला समुद्र फार आवडतो, म्हणूनच जावंसं वाटत नाही. आपण तिथे जाऊन त्याचं नुकसानच करतो ना?

उत्तर : तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. मला जे समजायला कामावरची चार-पाच वर्षं जावी लागली ते तू आधीच विचारते आहेस.

यॉट इंधन जाळते, हेलिकॉप्टरही. ते मी नाकारणार नाही. मात्र काय जपता येतं ते सांगते. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाची कुरणं आहेत. ते शेवाळ नाही, फुलं येणारी वनस्पती आहे, आणि तिची ही जात जगात फक्त याच समुद्रात वाढते. माशांची पिल्लं तिच्यात वाढतात, तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते, पाणी तिच्यामुळे नितळ राहतं. स्पेनच्या इबिझा आणि फॉर्मेन्तेरा बेटांमधल्या कुरणांमुळे त्या भागाला 1999 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 2006 मध्ये तिथे एकाच रोपाची सुमारे आठ किलोमीटर लांब पसरलेली वेल सापडली. ही वनस्पती वर्षाला काही सेंटीमीटरच सरकते. आमच्यासारख्या बोटीचा नांगर तिच्यात पडला आणि रात्रभर वाऱ्याने साखळी फिरली, तर जे उपटलं जातं ते भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मी स्वतः पाण्यात उतरून असा ओरखडा पाहिला आहे. आजूबाजूला हिरवं, मधे पांढरी, उघडी वाळू.

ही दोन्ही बेटं ज्यांत येतात त्या बॅलिआरिक बेटांवर 2018 पासून या कुरणांवर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. पण नियम नाही तिथेही नांगर वाळूत टाकता येतो. बाबांना सांग, करार करताना कप्तानाला विचारायचं : कुरणांचा नकाशा बोटीवर आहे का? जिथे बांधलेले तरंगते बोये आहेत तिथे नांगराऐवजी बोया वापराल का? वेग कमी ठेवाल का? तिन्हींना ‘हो’ म्हणणारे कप्तान आहेत.

मोटार यॉटऐवजी शिडाची बोट घ्यायला आईबाबांना राजी करता आलं तर फारच चांगलं. आणि हेलिकॉप्टर पक्ष्यांच्या वसाहतीवरून खालून जाणार असेल तर सरळ नको म्हण. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांसारख्या ठिकाणी जायचं ठरलं तर तिथे खासगी बोटीलाही मनाला येईल तसं फिरता येत नाही. जमिनीचा जवळपास सत्त्याण्णव टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे, कोणत्या दिवशी कुठे उतरायचं ते उद्यान ठरवतं, आणि उद्यानाच्या बहुतेक भागांत परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. मला ती व्यवस्था आवडते.

आणि तू जा. पहिल्या संध्याकाळी नांगर पडताना बोटीच्या पुढच्या टोकाला खलाशाशेजारी उभी राहा. पाणी नितळ असेल तर तळ दिसतो : गडद डाग म्हणजे कुरण, फिकट म्हणजे वाळू. साखळी सुटण्याआधी बोट फिकट पट्ट्यावर आली आहे की नाही ते तूच कप्तानाला सांग. मी कप्तान असते तर तुझ्या हाकेची वाट बघितली असती.